हिरवा जिवाणू काय सांगतो?

रॉबर्ट कॉखने १८८२ साली क्षयाचा जिवाणू रंगवून जगाला दाखवला. परंतु रंगवलेल्या जिवाणूवरून तो कोठे आहे एवढेच कळते. त्याच्याभोवती कशी परिस्थिती होती, हे कळत नाही. ही उणीव भरून काढण्याचा एक चांगला प्रयत्न अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शुमिन तान, डेव्हिड रसेल व सहकाऱ्यांनी केला. त्यांचे काम २०१३ साली प्रसिद्ध झाले.

आपल्या शरीरातील महाभक्षी पेशी जिवाणूला गिळून एका पिशवीत कोंडतात. पिशवी पक्व होत जाते तसा तिचा सामू उतरतो आणि क्लोराइड वाढते. या दोहोंची चाहूल लागताच जिवाणूची काही जनुके कामाला लागतात. संशोधकांनी अशा एका जनुकाची 'कळ' जेलीफिशच्या हिरव्या प्रतिदीप्त प्रथिनाच्या जनुकाला जोडली. शिवाय एक लाल प्रथिन सतत तयार होत राहील अशी व्यवस्था केली. लाल रंग जिवाणूचा ठावठिकाणा सांगतो, तर हिरवा त्याला लागलेली चाहूल.

या कामाचे मोल आम्हाला मोठे वाटते. फुप्फुस वाटून जिवाणू मोजले की केवळ सरासरी हाती येते. येथे उंदराच्या फुप्फुसातला एकेक जिवाणू वेगळा पाहता येतो. क्षयाचा उपचार सहासहा महिने चालतो, त्याचे एक कारण म्हणजे एकाच रुग्णातले सारे जिवाणू एकाच परिस्थितीत नसतात आणि औषधाला सारखी दाद देत नाहीत.

तरीही हे चित्र जपून वाचले पाहिजे. हिरवा रंग आम्लता मोजत नाही, जिवाणूचा प्रतिसाद दाखवतो. हे प्रथिन टिकाऊ असल्याने कळ बंद झाल्यावरही चमक काही काळ राहते. म्हणजे बातमी कालची असू शकते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, या प्रथिनाला चमक येण्यासाठी ऑक्सिजन लागतो आणि क्षयाच्या गाठींमध्ये नेमका त्याचाच तुटवडा असू शकतो. शिवाय प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या उंदरांत माणसासारख्या गाठी होत नाहीत.

दारावरची घंटा वाजली नाही, तर कोणी आले नाही असेच आपण मानतो; वीज गेली असेल हे ध्यानात येत नाही. वर्गात असे चित्र दाखवताना चमकणाऱ्या जिवाणूंविषयी विद्यार्थी आपणहून विचारतीलच. न चमकणाऱ्यांविषयी मात्र शिक्षकांनी विचारावे: हा काळोख का, आणि त्याची कारणे किती?