अनुवादाच्या आधारावरील प्रणाली : हँडहेल्ड खेळयंत्रे आणि लिनक्सचा प्रसार

एखाद्या भाषेला वाचक का नाहीत, असे विचारले असता तीत ग्रंथ नाहीत असे उत्तर मिळते. आणि ग्रंथ का नाहीत, असे विचारले असता तिला वाचक नाहीत असे सांगण्यात येते. संगणकावरील खेळांच्या क्षेत्रात लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम दीर्घकाळ अशाच चक्रात सापडली होती. सर्व्हरांत, वैज्ञानिक गणनेत आणि अँड्रॉइडच्या रूपाने असंख्य मोबाइल फोनांत ती स्थिरावली. परंतु खेळ तयार करणाऱ्या कंपन्या विंडोजसाठीच खेळ लिहीत, कारण खेळणारे तेथे होते, आणि खेळणारे विंडोज सोडीत नसत, कारण खेळ तेथे होते. स्टीम डेक या हातात धरून खेळण्याच्या यंत्राने २०२२ साली हे चक्र भेदले, असे अलीकडे सर्रास म्हटले जाते. या विधानात तथ्य किती आणि उत्साह किती, याची निवड करणे अगत्याचे आहे.

प्रथम हे लक्षात घ्यावयास हवे की, लिनक्सवर चालणारे हँडहेल्ड ही २०२२ ची नवलाई नव्हे. दक्षिण कोरियात २००५ साली निघालेले जीपी२एक्स आणि त्यानंतर २०१० मधील पँडोरा ही यंत्रे लिनक्सवरच चालत. तथापि त्यांचा वापर मुख्यतः जुन्या खेळयंत्रांची नक्कल करून जुने खेळ खेळण्यासाठी होई, आणि त्यांचे चाहते हौशी जाणकारांच्या वर्तुळाबाहेर फारसे गेले नाहीत. व्हाल्व्ह कंपनीचा पहिला प्रयत्न याहून महत्त्वाकांक्षी होता. तिने डिसेंबर २०१३ मध्ये डेबियनवर आधारलेली स्टीमओएस ही प्रणाली प्रसिद्ध केली आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये निरनिराळ्या उत्पादकांची ‘स्टीम मशीन’ यंत्रे बाजारात आली. या योजनेचे गृहीत असे होते की, यंत्रे आली म्हणजे प्रकाशक आपले खेळ लिनक्ससाठी स्वतंत्रपणे लिहून देतील. काहींनी ते दिले; पण बहुतेक मोठे खेळ आले नाहीत. वाचक दृष्टीस पडण्यापूर्वीच लेखकांकडे नव्या ग्रंथांची मागणी करण्यात आली होती. ती पुरी न झाल्यामुळे योजना कोमेजली, यात आश्चर्य नाही.

यानंतर कंपनीने जो मार्ग धरला, तो अनुवादाचा. १९९३ साली सुरू झालेल्या ‘वाइन’ या मुक्त प्रकल्पाच्या पायावर, कोडवीव्हर्स या संस्थेच्या सहकार्याने, तिने ऑगस्ट २०१८ मध्ये ‘प्रोटॉन’ प्रसिद्ध केले. प्रोटॉन ही विंडोजची नक्कल आहे, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. विंडोजसाठी लिहिलेला खेळ आणि लिनक्स चालवणारा नेहमीचा पीसी यांच्यात प्रोसेसरच्या आज्ञांचा भेद नसतो. वर्णमाला एकच असते. भेद असतो तो प्रणालीकडे मागणी करण्याच्या रीतीत. फाइल उघड, आवाज काढ, पडद्यावर अमुक आकृती रेखाट, अशा मागण्या खेळ विंडोजच्या परिभाषेत करतो. वाइन त्या मागण्यांची नावे तशीच ठेवून त्यांची पूर्तता लिनक्सकडून करवून घेते. चित्रणाच्या बाबतीत हेच काम डीएक्सव्हीके आणि व्हीकेडीथ्रीडी-प्रोटॉन हे घटक करतात. मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्ट-थ्रीडीमधील आज्ञा ते २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्हल्कन या खुल्या मानकात उतरवतात. प्रत्येक आज्ञेची पुन्हा उकल करावी लागत नसल्यामुळे बहुतेक खेळांत वेगाची हानी मर्यादित राहते.

२८ फेब्रुवारी २०२२ रोजी ग्राहकांना मिळू लागलेले स्टीम डेक हे या अनुवादाचे पहिले लोकमान्य व्यासपीठ ठरले. सात इंचांचा पडदा, १२८० गुणिले ८०० एवढी चित्ररचना, एएमडीचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि आर्च लिनक्सवर आधारलेली स्टीमओएसची तिसरी आवृत्ती, असे त्याचे स्वरूप होते. परंतु त्याच्या यशाचे मर्म या आकड्यांत शोधू नये. ते दोन गोष्टींत आहे. पहिली, यंत्र ठरावीक असल्यामुळे चित्रणाचे शेडर प्रत्येकाच्या यंत्रावर नव्याने तयार न करता आधीच तयार करून पाठवता येतात. त्याच आठवड्यात प्रसिद्ध झालेला ‘एल्डन रिंग’ हा खेळ विंडोजवर मधूनमधून अडखळत असे. अनुवादाच्या थरातच सुधारणा केल्यामुळे डेकवर ते अडखळणे पुष्कळ कमी झाले. अनुवाद मूळाहून सुवाच्य ठरल्याचे हे उदाहरण बोलके आहे. दुसरी गोष्ट प्रतवारीची. अक्षरे लहान पडद्यावर वाचता येतात की नाही, बटणांची चिन्हे योग्य दिसतात की नाही, हे तपासून खेळांना श्रेणी देण्यात येऊ लागली. खेळणाऱ्याला लिनक्सची ओळख करून घ्यावी लागली नाही. कोणता खेळ चालेल, एवढे त्याला अगोदर कळले.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. आयबीएमची ओएस/२ ही प्रणाली १९९२ साली ‘विंडोजहून सरस विंडोज’ अशा डौलाने पुढे आली. ती विंडोजचे प्रोग्रॅम चालवीत असे. परिणामी ओएस/२ साठी वेगळे लिहिण्याचे कारणच पुष्कळ प्रकाशकांना उरले नाही, आणि १९९५ मध्ये विंडोजने नवे रूप धारण केल्यावर ती मागे पडली. लिनक्सच्या वाट्याला हेच येणार काय? साम्य नाकारता येत नाही, पण भेदही लहान नाहीत. ओएस/२ मधील विंडोजचा भाग मायक्रोसॉफ्टच्याच परवान्यावर अवलंबून होता. वाइनचा कोड मुक्त आणि स्वतंत्रपणे लिहिलेला आहे. शिवाय स्टीम मशीनच्या काळात लिनक्ससाठी मुद्दाम लिहिलेले कित्येक खेळ, आधारभूत लायब्रऱ्या बदलत गेल्यामुळे, आज त्यांच्या विंडोज-आवृत्तीपेक्षा वाईट चालतात. तीच विंडोज-आवृत्ती प्रोटॉनमधून नीट चालते. म्हणजे अनुवाद ही येथे केवळ तात्पुरती सोय नसून जतनाची व्यवस्थाही आहे. ‘स्वभाषेतील’ लेखन तेवढे खरे आणि अनुवाद दुय्यम, हा आग्रह या क्षेत्रात टिकत नाही.

मग मर्यादा कोठे आहे? ती अनुवादाच्या गुणवत्तेत नाही, विश्वासात आहे. अनेकांनी एकत्र खेळावयाच्या स्पर्धात्मक खेळांत लबाडी रोखण्यासाठी पहारेकरी प्रोग्रॅम असतात. त्यांपैकी ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये प्रोटॉनसाठी सोय जाहीर केली. पण ती वापरावयाची की नाही, हे प्रत्येक प्रकाशकाच्या मर्जीवर राहिले. ‘एपेक्स लेजेंड्स’ या खेळाने ती आरंभी वापरली आणि ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी लिनक्सचे दार बंद केले. ‘जीटीए ऑनलाइन’मध्ये सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय आले आणि स्टीम डेकवरून त्यात प्रवेश मिळेनासा झाला. ‘व्हॅलोरंट’चा पहारेकरी विंडोजच्या कर्नलमध्ये बसतो, तेथे अनुवादकाचा प्रवेशच नाही. ज्या प्रणालीचा कर्नल वापरणारा स्वतः बदलू शकतो, तिच्यावर असा पहारा बसवणे अवघड, हे प्रकाशकांचे म्हणणे सर्वस्वी पोकळ नाही. परंतु या युक्तिवादामागे एक हिशेबही आहे, आणि उत्साही समर्थक नेमका तोच विसरतात. व्हाल्व्हच्या स्वतःच्या ऐच्छिक पाहणीत लिनक्स वापरणाऱ्यांचे प्रमाण ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रथमच ३ टक्क्यांवर गेले. एवढ्या वाचकांना नकार देण्यासाठी प्रकाशकाला फारशी किंमत मोजावी लागत नाही.

प्रसाराची शक्यता अजमावताना म्हणूनच यंत्राच्या वेगापेक्षा त्याच्या वाटपाकडे पाहणे इष्ट. स्टीम डेक आरंभी अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि युरोपीय संघ येथे विकले गेले. २०२२ च्या अखेरीस जपान, दक्षिण कोरिया, तैवान व हाँगकाँग आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रेलिया यांची भर पडली. या यादीत भारत नव्हता. याहून महत्त्वाची घटना म्हणजे मे २०२५ मध्ये लेनोव्होने लीजन गो एस हे यंत्र स्टीमओएससह विक्रीस आणले. खेळणारा क्वचितच प्रणाली निवडतो. तो यंत्र निवडतो आणि प्रणाली त्याबरोबर येते. दुसरा उत्पादक पुढे आला, याचे मोल यासाठी. प्रतिस्पर्धीही स्वस्थ नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये असूसच्या सहकार्याने आलेल्या आरओजी एक्सबॉक्स अ‍ॅलायमध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजवर लहान पडद्यास साजेसे, खेळांपुरते आवरण चढवले. स्टीमओएसच्या गुणांची ही अप्रत्यक्ष कबुली आहे, आणि तिच्या वाटचालीतील अडथळाही.

आणखी एक गोष्ट समर्थकांच्या लेखनात झाकली जाते. प्रोटॉनचा कोड मुक्त असला, तरी त्याच्या विकासाचा फार मोठा भार एकाच कंपनीच्या पैशावर आहे, आणि त्या कंपनीचे दुकान मुक्त नाही. लिनक्सचा विजय म्हणून ज्याचा गौरव होतो, तो पुष्कळ अंशी एका दुकानाने दुसऱ्याच्या अंगणातून बाहेर पडण्यासाठी काढलेला मार्ग आहे. उद्या त्या कंपनीचे हित बदलले, तर कोड उरेल. पण त्यावर रोज काम करणारे हात उरतील किंवा नाही, हे सांगता येणार नाही.

सारांश, चक्र भेदले गेले हे म्हणणे निम्मे खरे आहे. एकट्याने खेळावयाच्या खेळांपुरते ते निश्चित भेदले गेले; तेथे भाषा कोणती, हा प्रश्न वाचकाला आता पडत नाही. एकत्र खेळावयाच्या खेळांत मात्र ते कायम आहे, आणि अधिक चांगला अनुवाद केल्याने ते तुटणार नाही. तेव्हा यापुढील प्रगतीचे मोजमाप किती खेळ चालतात या संख्येने करू नये. एखाद्या मोठ्या प्रकाशकाने लिनक्सला नकार दिला असता त्याला विक्रीत तोटा जाणवतो की नाही, हे पाहावे. तो जाणवू लागेल त्या दिवशी पहारेकऱ्यांच्या अडचणींवर उपायही निघू लागतील. २०२४ मध्ये दार बंद करणाऱ्या प्रकाशकांनी मागे वळून पाहिले नाही, एवढेच आजचे उत्तर आहे.