आगकाड्यांचे फाळके

मंगळवार पेठेत सिनेमाचा विषय निघाला की प्रथम नाव येते ते बाबूराव पेंटरांचे, आणि कोल्हापुरात ते योग्यच आहे. दादासाहेब फाळके त्यानंतर. तेही ‘राजा हरिश्चंद्र’पुरते. त्यांचा अखेरचा चित्रपट ‘गंगावतरण’ (१९३७) हा ‘कोल्हापूर सिनेटोन’चा, हेही पुष्कळांच्या ध्यानी नसते. परंतु खरी उपेक्षा झाली आहे ती त्यांच्यातील अ‍ॅनिमेशनकाराची.

मुंबईत ख्रिस्तप्रभूंच्या जीवनावरील मूकपट पाहताना फाळक्यांच्या मनात राम-कृष्ण उभे राहिले, ही हकीकत आपल्या कुटुंबांतून आवडीने सांगितली जाते. तिचा पुढचा भाग मात्र कोणी सांगत नाही. ‘हरिश्चंद्रा’पूर्वी त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि कॅमेरा समोर ठेवून, दिवसांमागून दिवस, एकेक चित्र घेत राहिले. पडद्यावर ते रोप जेमतेम मिनिटभरात उगवून वाढले. ते पाहून चित्रपटासाठी कर्ज देणारा पुढे आला. पौराणिक चित्रपटांच्या आपल्या परंपरेला पहिला हात दिला तो एका वाटाण्याने!

१९१५ साली, महायुद्धाच्या चणचणीत, हीच रीत त्यांनी काड्यापेटीवर चालवली. काडी किंचित सरकवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची. ‘आगकाड्यांची मौज’ हा तो लघुपट. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ मध्येच काड्या नाचवल्या होत्या, तेव्हा कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. पण कोलांमागे फ्रान्सचा भरभराटलेला चित्रव्यवसाय होता. फाळक्यांपाशी काड्या आणि चिकाटी. शिवाय ‘लंकादहन’ (१९१७) किंवा ‘कालियामर्दन’ (१९१९) यांतील ज्या चमत्कारांपुढे प्रेक्षकांनी हात जोडले, त्यांमागचे कसब याच काड्यांच्या जातीचे आहे. समीक्षक त्या चित्रपटांतील भक्ती पाहतात. ती पडद्यावर उतरवणारा कारागीर त्यांच्या नजरेतून निसटतो.

पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट फाळक्यांनी केला नाही, हे मान्य केलेच पाहिजे. तो मान अर्जेंटिनाच्या किरीनो क्रिस्तियानी यांचा (१९१७); त्यांचा तो चित्रपट नष्ट झाला. जर्मनीच्या लोट्टे रायनिगर यांनी काळ्या कागदी आकृत्यांतून केलेला ‘राजपुत्र अहमद’ (१९२६) मात्र आजही पाहता येतो. आगकाड्यांच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. आपल्याकडे उरले आहे ते फक्त नाव, तेही फाळक्यांच्या चित्रपटांच्या यादीत, मोठ्या पौराणिक नावांच्या मध्ये कुठेतरी.