मागली बॉडी

माझ्या टेबलावर 16 सेंटिमीटरचा ट्रक उभा आहे. 1950च्या दशकातली लांब नाकाची, गर्द हिरवी मर्सिडीज, प्रमाण 1:43. या आकड्याचं मूळ मोटारीत नाही, रेल्वेत आहे. इंग्रजी खेळण्यातल्या रेल्वेत एका फुटाला 7 मिलिमीटर धरत, त्यातून हे प्रमाण आलं आणि पुढे मोटारींच्या प्रतिकृतींनीही ते उचललं.

हा ट्रक वाचायचा तर आधी उताणा करायचा. हौशी माणूस वरचा रंग बघतो, मुरलेला संग्राहक पोटाखाली बघतो. इथं पाटे मोजता येतात. मागच्या जोडचाकांमध्ये नखही शिरणार नाही एवढी फट सोडली आहे, पण सोडली आहे! वायपर केसाएवढा. कारागिराचा खरा कस मात्र रंगात लागतो. एक दशांश मिलिमीटरचा थर या प्रमाणात चार मिलिमीटरांचा भासतो; तो जरा जाड झाला की दाराची चीर बुजते आणि ट्रकचं खेळणं होतं. या ट्रकवर दाराची चीर स्वच्छ दिसते.

हौदा मात्र रिकामा. अमळनेरच्या माणसाला रिकामा हौदा बघवत नाही. जिनिंगमधून निघालेल्या गाठी हव्यातच. मी हिशेब केला. कापसाची गाठ 170 किलोची. लांबी, रुंदी, उंची तिन्ही 43 पटींनी घटली की वजन जवळजवळ 80 हजार पटींनी उतरतं. म्हणजे गाठ भरते जेमतेम दोन ग्रॅम. चिमूटभर कापूस दाबून मी एक केली, ती लगेच फुगली. कापसाला प्रमाण कळत नाही.

गल्लीतले एक म्हातारे मिस्तरी, ज्यांचं आयुष्य धुळ्याकडे ट्रकच्या बॉड्या बांधण्यात गेलं, हे सगळं बघत होते. ट्रक हातात घेतला आणि म्हणाले, ‘‘स्टेअरिंग डाव्या हातले शे ना भाऊ! हाई आपली गाडी नही.’’

खरंच. इतके दिवस मी वायपर बघत होतो. माझ्या मनात होता तो जमशेदपूरचा ट्रक. टाटांच्या टेल्कोनं मर्सिडीज बनवणाऱ्या डाइमलर-बेंझशी करार करून 1954 पासून तो तिथं बांधला. 1969 मध्ये करार संपला आणि नाकावरची तीन टोकांची चांदणी जाऊन टाटांचा ‘टी’ आला. समोर आहे तो जर्मन रस्त्यावरचा, म्हणून चालक डावीकडे.

मिस्तरींचा दुसरा प्रश्न अधिक अडचणीचा होता. ‘‘आन् मांगली बॉडी कोनी बनाडी?’’

संग्राहकांची सगळी भिस्त असते ‘कारखान्यातून निघाला तसा’ या शब्दांवर. आपल्याकडे कारखान्यातून निघायची ती नुसती चेसिस. केबिन नाही, दार नाही. चालक डोक्याला टॉवेल गुंडाळून, डोळ्यांवर गॉगल चढवून वारा खात ती शेकडो मैल आणायचा. केबिन, हौदा, फाळका सगळं इकडच्या सुताराचं आणि लोहाराचं; मग पेंटरची कमळं, मोर, देवाचं नाव, मालकाच्या पोरांची नावं. दोन ट्रक सारखे निघायचेच नाहीत. म्हणजे आपल्या ट्रकची अचूक प्रतिकृती करायची तर एका जातीची करून भागत नाही, एकाच विशिष्ट ट्रकची करावी लागते. आमच्या अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेत बोरी नदीच्या पात्रात खेळण्यांची दुकानं लागतात. तिथल्या प्लास्टिकच्या ट्रकला पाटे नसतात, चाकंही वाकडी. पण फाळक्यावर ‘हॉर्न ओके प्लीज’ असतं. माझ्या महागड्या ट्रकपेक्षा त्या एका बाबतीत तो खरा आहे, हे मी नाइलाजानं कबूल करतो.

परवा खालचे दोन स्क्रू काढून हौदा उतरवला. किमतीच्या दृष्टीनं हा अपराधच. स्टेअरिंगला हात लावायचं धाडस अजून झालेलं नाही. मिस्तरींनी बाभळीची एक ढलपी आणली आणि माप विचारलं. मी मिलिमीटर सांगू लागलो, तोवर त्यांनी ते करंगळीच्या पेरावर घेतलंसुद्धा.