आधी अकूस्टिकच का? : एका जुन्या सल्ल्याची तपासणी

(व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहींना प्रश्न पडला असेल की तत्त्वज्ञानाच्या माणसाला गिटारशी काय देणंघेणं? पण मला रस गिटारच्या दुकानापेक्षा एका सल्ल्यात आहे. घरातल्या मुलीला किंवा मुलाला गिटार शिकायची असते. मग दुकानदार, क्लासचे सर, कॉलेजात थोडंफार वाजवलेला एखादा काका, सगळे एकच सांगतात: आधी अकूस्टिक घे, इलेक्ट्रिकचं नंतर बघू. हा सल्ला इतका सर्वमान्य आहे की त्याची कारणं कोणी विचारत नाही. न विचारलेली कारणं तपासणं हे आमच्या विषयाचं कामच आहे.

आपल्याकडे वादाची एक चांगली पद्धत होती. खंडन करायच्या आधी पूर्वपक्ष मांडायचा, आणि तो दुबळा करून मांडायचा नाही. तेव्हा या सल्ल्याची बाजू आधी नीट मांडू. त्यात तीन विधानं आहेत. पहिलं, अकूस्टिक अवघड आहे, म्हणून तिच्यावर बोटं तयार होतात आणि पुढे इलेक्ट्रिक सोपी जाते. दुसरं, अकूस्टिक प्रामाणिक आहे, चूक लपवत नाही. इलेक्ट्रिकचा आवाज चुका झाकतो. तिसरं सहसा बोललं जात नाही, पण पहिल्या दोहोंच्या मागे तेच असतं: अकूस्टिक हे मूळ, शुद्ध वाद्य आहे आणि इलेक्ट्रिक ही त्याची विजेवर चालणारी, जरा बिघडलेली आवृत्ती.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण मुळाशी तेच आहे.

‘अकूस्टिक गिटार’ हा शब्दच इलेक्ट्रिक गिटारनंतर जन्मला. त्याआधी नुसती गिटार होती. ब्रॉयलर यायच्या आधी कोंबडीला कोणी गावरान म्हणत नव्हतं, तसंच आहे हे. नवी वस्तू आली की जुनीला विशेषण लागतं, आणि थोड्याच दिवसांत ते विशेषण शुद्धतेचं प्रमाणपत्र होऊन बसतं.

बरं, मूळ म्हणायचं तर कोणतं मूळ? आज जिला क्लासिकल गिटार म्हणतात तिचा घाट एकोणिसाव्या शतकात स्पेनमध्ये आंतोनियो दे तोरेस या कारागिराच्या हातून स्थिरावला. तिला तेव्हा आतड्याच्या तारा असत. नायलॉनच्या तारा आल्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर. पोलादी तारांची, मोठ्या पेटीची गिटार ही अमेरिकेतली घडामोड आहे, आणि तिच्यामागचं एक मोठं कारण साधं होतं: आवाज पुरत नव्हता. बँजो, व्हायोलिन, पुढे ट्रंपेट, या सगळ्यांत गिटार ऐकू येत नसे. म्हणून तारा पोलादी झाल्या, पेटी मोठी झाली, 1920च्या दशकाच्या अखेरीस पेटीत धातूच्या तबकड्या बसवलेल्या गिटारी आल्या. 1932 साली बाजारात आलेली रिकनबॅकरची ‘फ्राइंग पॅन’ ही त्याच रांगेतली पुढची पायरी होती. तार हलली की लोहचुंबकाभोवतीच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते, हे फॅरेडेने 1831 साली दाखवलेलं तत्त्व. तेच इथे वापरलं.

आता गंमत बघा. ही फ्राइंग पॅन मांडीवर आडवी ठेवून, तारेवरून धातूची कांडी सरकवत वाजवायची, म्हणजे हवाईयन पद्धतीने. आपल्याकडे जुन्या पिढीला गिटार म्हटल्यावर दोनच प्रकार माहीत होते, हवाईयन आणि स्पॅनिश. त्या वेळी नवशिक्याचा प्रश्नही ‘अकूस्टिक की इलेक्ट्रिक’ असा नसायचा, ‘हवाईयन की स्पॅनिश’ असा असायचा. आज आपण ज्याला शाश्वत प्रश्न समजतो तो पन्नास-साठ वर्षांपूर्वी इथे याच शब्दांत विचारलाही जात नव्हता.

शुद्धतेचा आग्रह संगीतात नवा नाही. महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना हार्मोनियमचं उदाहरण ठाऊक आहे. 1940 साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती 1971 पर्यंत उठली नाही. इकडे आमच्या नाट्यसंगीताचं पेटी-ऑर्गनशिवाय पान हलत नव्हतं, गोविंदराव टेंबे यांच्यासारखे लोक तिच्यातून संगीत काढत होते, आणि तिकडे रेडिओवर ती निषिद्ध! त्या वादात दोन प्रकारचे आक्षेप एकत्र मिसळले होते, ते मी वेगळे करू इच्छितो. एक आक्षेप असा की हे वाद्य परकं आहे. दुसरा असा की पेटीवर मींड निघत नाही आणि तिचे ठरीव स्वर रागाच्या सूक्ष्म स्वरांशी जुळत नाहीत. पहिला आक्षेप वाद्याच्या जन्मदाखल्यावर आहे, दुसरा वाद्याच्या क्षमतेवर. दुसऱ्याशी वाद घालता येतो, कारण तो कानाने तपासता येतो. पहिला तपासायचा कसा?

अमेरिकेतही हेच झालं. 25 जुलै 1965 रोजी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला आणि हुर्यो झाली. ती विजेच्या गिटारसाठी होती, खराब ऐकू येण्यासाठी होती, की कार्यक्रम लवकर आटोपल्यासाठी, यावर अजून वाद आहे. पण ‘विजेने लोकसंगीत बाटलं’ ही भावना त्या दिवसाला कायमची चिकटली. आणि त्याच्या वीस वर्षं आधी मडी वॉटर्स मिसिसिपीतून शिकागोला आला होता, गजबजलेल्या क्लबांत साधी गिटार ऐकू जाईना म्हणून त्याने इलेक्ट्रिक घेतली होती. तो लोकसंगीतातलाच माणूस. त्याला वीज ही गरज होती. बाट आहे की गरज आहे, हे खुर्चीत बसलेल्याने ठरवायचं की वाजवणाऱ्याने?

आता दुसरं विधान: प्रामाणिकपणा. इलेक्ट्रिक गिटारला भरपूर डिस्टॉर्शन दिलं की कॉर्डमधला एखादा कच्चा स्वर त्या गदारोळात बुडतो, हे खरं आहे. पण तोच आवाज आणखीही काही करतो. इलेक्ट्रिकवर स्वर लांबतो आणि बारीक स्पर्शही मोठा होतो. त्यामुळे नको असलेली तार चुकून हलली तरी ती गुणगुणत राहते. नको त्या तारा तळहाताने आणि मोकळ्या बोटांनी दाबून गप्प ठेवणं हे इलेक्ट्रिकचं स्वतंत्र कौशल्य आहे, आणि नवशिका तिथेच उघडा पडतो. अकूस्टिकवर तोच निष्काळजीपणा खपून जातो, कारण स्वर लवकर विरतो. म्हणजे प्रत्येक वाद्य काही चुका दाखवतं, काही झाकतं. एकीला प्रामाणिक आणि दुसरीला लबाड म्हणणं म्हणजे लाकडाला नीतिमत्ता चिकटवणं आहे.

राहिलं पहिलं विधान, कष्टाचं. ते सगळ्यांत लोकप्रिय आहे आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त नुकसान करणारंही आहे.

आधी वस्तुस्थिती पाहू. तारांची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. अकूस्टिकवरच्या नेहमीच्या संचात पहिली तार 12ची असते, इलेक्ट्रिकवर 9 किंवा 10ची. 12चा संच नेहमीच्या सुरात लावला की सहा तारांचा मिळून ताण सुमारे 70 किलो भरतो. 9च्या संचाचा 40च्या आत राहतो. नायलॉनच्या तारांचाही साधारण 40च्या आसपास. शिवाय स्वस्त अकूस्टिकवर तारा पट्टीपासून जास्त उंच असतात, विशेषतः मानेच्या टोकाशी. तिथेच तर नवशिक्याचे पहिले कॉर्ड असतात. एफचा कॉर्ड, म्हणजे पहिल्या बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबायच्या, तो अशा गिटारवर मोठ्या माणसालाही जमत नाही.

आता सल्ला म्हणतो, हे सोसा, म्हणजे पुढे सोपं जाईल. अ‍ॅरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात नेमकं तंतुवाद्याचंच उदाहरण घेतलं आहे. वाजवून वाजवून माणूस वादक होतो, असं तो म्हणतो. हे आपण नेहमी उद्धृत करतो. त्याच्या लगेच पुढचं मात्र सोडून देतो: वाजवूनच चांगले वादक घडतात आणि वाजवूनच वाईटही घडतात. सराव तुम्हाला त्याच गोष्टीत तरबेज करतो जिचा सराव तुम्ही करता. उंच, जाड तारांवर सहा महिने झगडलेलं मूल काय शिकतं? मनगट आवळून, सगळी ताकद लावून दाबायला शिकतं. इलेक्ट्रिकवर गेल्यावर तीच ताकद तार बाजूला ढकलते आणि स्वर चढा लागतो. म्हणजे तयार झालेली बोटं पुन्हा उलट शिकवावी लागतात.

मी कष्टाच्या विरुद्ध नाही. पहाटे खर्ज लावणारा गवई कष्टच करतो. पण तो कष्ट त्याच्या साध्याच्या आतला आहे: आवाज कमवायचा म्हणून आवाजाचाच अभ्यास. दोन कॉर्डमधला बदल लयीत बसवणं हा गिटारचा आतला कष्ट. वाकलेली मान, उंच तारा, छातीपेक्षा मोठी पेटी, हे बाहेरचे कष्ट. त्यांनी संगीत येत नाही, फक्त माणसं गळतात. आणि गळणारं मूल ‘गिटार नीट लावलेली नव्हती’ असं म्हणत नाही. ते म्हणतं, ‘माझ्यात संगीतच नाही.’ आयुष्यभर म्हणतं. एका चुकीच्या खरेदीचा निष्कर्ष स्वतःबद्दलचा सिद्धांत होतो. मला या विषयावर बोलावंसं वाटलं ते एवढ्यासाठी.

याचा अर्थ मी सल्ला उलटा करतो आहे का, सगळ्यांनी इलेक्ट्रिकच घ्यावी असा? नाही. ‘सोपी आहे म्हणून घ्या’ हेही ‘अवघड आहे म्हणून घ्या’ इतकंच आंधळं आहे. इलेक्ट्रिकला अँप्लिफायर लागतो, केबल लागते. ठरलेल्या पैशातला वाटा तिकडे जातो. बटणं फिरवण्यात संध्याकाळ निघून जाऊ शकते. सहलीत, गच्चीवर, वीज गेल्यावर ती जवळजवळ मुकी असते.

मग निवड कशी करायची? वेदान्ताचे ग्रंथ सुरू होताना चार गोष्टी सांगतात, त्याला अनुबंधचतुष्टय म्हणतात: अधिकारी, विषय, संबंध, प्रयोजन. हे कोणासाठी, कशाबद्दल, ग्रंथाचा आणि विषयाचा मेळ कसा, आणि कशाकरता. गिटारच्या दुकानात जाताना हे चार प्रश्न खिशात असावेत.

अधिकारी: शिकणारा कोण? लहान हाताच्या मुलाला मोठ्या पेटीची गिटार म्हणजे कपाटाला मिठी मारणं. विषय: कानात कोणतं संगीत आहे? भूपिंदर सिंग गझलगायक म्हणून आठवतात, पण आर. डी. बर्मन यांच्याकडे ते गिटार वाजवत. ती गाणी ऐकून जो भारावला आहे त्याने आधी ऐकून ओळखावं की आपल्याला नेमका कोणता आवाज हवा आहे. संबंध: त्या संगीताचा आणि वाद्याचा मेळ. स्वतः गायचं असेल, साथीला कॉर्ड हवे असतील, तर अकूस्टिक. बोटांनी एकट्याने वाजवायचं असेल तर नायलॉन, जिचा आपल्याकडे अनेकांना विसर पडतो. आणि तार खेचून स्वर वळवायचा असेल, तर पातळ तारांची इलेक्ट्रिक. मींडेवर वाढलेल्या कानाला ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. ब्रिजभूषण काब्रांनी गिटारवर कांडी सरकवण्याची वाट धरली. 1967ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ऐका. प्रयोजन: कुठे, कधी, कोणासाठी वाजवणार? रात्री दहानंतर फ्लॅटमध्ये सराव करायचा, तर हेडफोन लावता येणारं वाद्य शेजाऱ्यांशी मैत्री टिकवतं.

आणि कोणतीही घ्या, घेतल्याबरोबर जाणकाराकडून तारांची उंची नीट करून घ्या. अकूस्टिक असेल तर सुरुवातीला 11 किंवा 10च्या तारा लावून घ्या. बोटं दोन-तीन आठवडे दुखतीलच, ती सगळीकडे दुखतात.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली: ‘नऊ वर्षांच्या नातीसाठी काय घ्यावं?’ आधी नातीला विचारा. तिचं उत्तर ‘काहीही चालेल’ असेल तर लहान आकाराची, नायलॉन तारांची घ्या. तिने एखाद्या इलेक्ट्रिक वादकाचं नाव घेतलं, तर ‘तो धांगडधिंगा’ असं म्हणू नका. लहान आकाराची इलेक्ट्रिकही मिळते.

दुसरी चिठ्ठी जरा रागावून लिहिली आहे: ‘कष्टाशिवाय विद्या नाही असं आम्हाला शिकवलं. तुम्ही आता सोय शिकवता का?’ नाही हो. रोज अर्धा तास, वर्षानुवर्षं, तोच बदल पुन्हापुन्हा करणं यात पुरेसे कष्ट आहेत. मुलाने ते करावेत असं वाटत असेल, तर ज्या आवाजासाठी तो ते करणार आहे तो आवाज पहिल्या दिवसापासून त्याच्या हातात असू द्या.