जहाजतोडणीचा कायदा आणि किनाऱ्याची जमीन

बावड्यासारख्या, समुद्रापासून दूर असलेल्या गावी बसून जहाजतोडणीच्या कायद्याची चिकित्सा करण्यात औचित्य ते कोणते, असा प्रश्न कोणी केल्यास तो अगदीच अप्रस्तुत म्हणता येणार नाही. इंदापूर तालुक्याच्या या दक्षिण पट्ट्यात पाणी म्हटले की नीरा आणि तिचा डावा कालवा हीच डोळ्यांपुढे येतात. भरती-ओहोटीशी येथील माणसाचा संबंध नाही. तथापि बागाईत जमीन चोपण कशी होते, हे या भागात कोणास शिकवावे लागत नाही. पाटाचे पाणी आले, ऊस आला, आणि जेथे निचरा नव्हता तेथे काही वर्षांनी रानावर पांढरा थर दिसू लागला. पाणी गेले, क्षार राहिले. पुढे ते रान विकले गेले, खंडाने दिले गेले, भाऊबंदांच्या वाटणीत तुकडे झाले. पण क्षार काही जुन्या मालकाबरोबर गेले नाहीत. मालक बदलल्याने जमीन निवळत नाही, ही साधी गोष्ट ध्यानात ठेवून २०१९ चा जहाज पुनर्चक्रण अधिनियम वाचावा, म्हणजे त्याच्या रचनेतील एक उणीव सहज हाती लागते.

प्रथम या अधिनियमाचे श्रेय त्यास दिले पाहिजे. तो एकाएकी अवतरलेला नाही. १९९५ साली दाखल झालेल्या घातक कचऱ्यासंबंधीच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑक्टोबर २००३ रोजी जो निर्णय दिला, त्यात तोडणीसाठी येणारे जहाज मालकाने आधीच घातक पदार्थांपासून मुक्त केलेले असावे, असा दंडक घालून दिला होता. त्याची खरी कसोटी ‘क्लेमांसो’ या फ्रेंच विमानवाहू नौकेच्या वेळी लागली. अ‍ॅस्बेस्टॉसने भरलेली ही नौका अलंगकडे निघाली आणि फेब्रुवारी २००६ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी ती अर्ध्या वाटेवरून परत बोलावली. २००९ साली हाँगकाँग येथे आंतरराष्ट्रीय करार झाला, भारताने तो नोव्हेंबर २०१९ मध्ये स्वीकारला, त्याच वर्षी डिसेंबरात आपला अधिनियम झाला, आणि २६ जून २०२५ पासून तो करार जगभर अमलात आला. या सर्व प्रवासात जे घडले ते थोडे नव्हे.

पण या प्रवासाचा नायक सदैव जहाज आहे, हेही तितकेच स्पष्ट आहे. अधिनियमाने जहाजावरील घातक पदार्थांची यादी मागितली. तिची तपासणी आणि तिचे प्रमाणपत्र मागितले. तोडणीपूर्वी त्या विशिष्ट जहाजाचा तोडणी-आराखडा मागितला, आणि काम संपल्यावर पूर्ततेचे निवेदन मागितले. एखाद्या माणसाची जन्मनोंद, वैद्यकीय तपासणी आणि मृत्यूचा दाखला असावा, तसा हा प्रकार आहे. ज्या चिखलावर जहाज ओढून आणले जाते, त्या चिखलास मात्र अशी एकही नोंद नाही. तोडणीच्या जागेस परवाना लागतो, त्यासाठी आराखडा लागतो, त्या आराखड्यात पर्यावरणाच्या देखरेखीचाही भाग असतो, हे खरे. परंतु परवाना हा चालू धंद्याचा असतो. धंदा सुरू होण्यापूर्वी त्या जागेच्या मातीत काय होते आणि धंदा उठून गेल्यावर काय उरले, या दोन टोकांच्या नोंदी अधिनियमाच्या मूळ कलमांत मागितलेल्या नाहीत.

मुंबईचा दारूखाना हे याचे सर्वांत जवळचे उदाहरण. रे रोड स्थानकाच्या पूर्वेस, बंदराच्या मालकीच्या जमिनीवर, भरतीच्या पाण्यावर जहाज आत घ्यावयाचे आणि ओहोटीच्या गाळात गॅसने कापावयाचे, ही तेथील जुनी रीत. १९६१ साली नौदलात दाखल झालेली, १९७१ च्या युद्धात लढलेली आणि जानेवारी १९९७ मध्ये निवृत्त झालेली ‘विक्रांत’ याच ठिकाणी नोव्हेंबर २०१४ पासून तोडण्यात आली. तत्पूर्वी ती वाचवावी म्हणून न्यायालयापर्यंत झगडा झाला. लोकांनी हळहळ व्यक्त केली. तिचे काही पोलाद पुढे वितळवून २०१६ साली एका मोटारसायकलीच्या टाकीत वापरले गेले, आणि तशा गाड्या इंदापूर-अकलूज रस्त्यावरही धावल्या. पोलादाचे काय झाले हे देशाने इतक्या आस्थेने विचारले. गाळाचे काय झाले हे विचारणारा आवाज त्या गलबल्यात कोठे ऐकू आला नाही. आपली आस्थाही, कायद्याप्रमाणेच, जहाजावर खिळलेली होती.

गाळात काय उतरते हे थोडे पाहिले पाहिजे. जुन्या रंगांतील शिसे ज्योतीखाली अंशतः वाफ होऊन जाते, अंशतः पापुद्र्यांच्या रूपाने खाली पडते. तारांच्या आवरणांत पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइले असतात, नळांवरील वेष्टनांत अ‍ॅस्बेस्टॉस. त्याचे तंतू कुजत नाहीत, झिजून नाहीसे होत नाहीत. या सर्वांत शिकण्यासारखी कथा ट्रायब्युटिल टिनची. जहाजाच्या तळाला शिंपले व शेवाळ चिकटू नये म्हणून कथिलाचे हे संयुग रंगात मिसळत. त्याच्या अत्यल्प प्रमाणानेही काही सागरी गोगलगायींच्या माद्यांत नराची इंद्रिये उत्पन्न होतात, असे दिसून आल्यावर २००१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने त्याचा वापर थांबविला. तो करार २००८ साली अमलात आला. वाहत्या, उजेडाच्या पाण्यात हे संयुग काही दिवसांत वा आठवड्यांत विघटित होऊ लागते. प्राणवायू नसलेल्या गाळात ते वर्षानुवर्षे टिकते. म्हणजे रंगावर बंदी आली तरी बंदीपूर्वीच्या जहाजांचा रंग गाळात जिवंत राहू शकतो, आणि पुढचे जहाज ओढताना तो गाळ ढवळला की पुन्हा वर येतो. अशा वेळी हे प्रदूषण कोणत्या जहाजाचे, या प्रश्नास उत्तर नसते.

आणि येथेच अधिनियमाच्या सर्वांत चांगल्या कलमाची गोची होते. तोडणीमुळे पर्यावरणास कोणतीही हानी होऊ नये, आणि झाल्यास तोडणी करणाऱ्याने भरपाई व साफसफाईचा खर्च सोसावा, असे ते कलम म्हणते. वाक्य निर्दोष आहे. पण हानी ही नेहमी पूर्वस्थितीच्या तुलनेत मोजावयाची असते. पूर्वस्थितीची नोंदच नसेल, तर आजचा परवानाधारक ‘हे आमच्या आधीचे’ असे सांगेल, आणि ते खोटे ठरविता येणार नाही. किंबहुना पुष्कळदा ते खरेही असेल. मापाचे दुसरे टोक मोकळे सोडून दंडाचे कलम लिहिणे म्हणजे काट्याच्या एकाच पारड्याने तोलू पाहणे होय.

या उणिवेची भरपाई जुलै २०२५ मध्ये केंद्राने काढलेल्या दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाच्या नियमांनी होईल, असे काही अभ्यासकांस वाटते. हे नियम जमिनीपासून सुरू होतात, ही खरोखर समाधानाची गोष्ट. संशयित स्थळांची माहिती जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी कळवावयाची, मग प्राथमिक व सविस्तर तपासणी, आणि जबाबदार व्यक्तीकडून शुद्धीकरणाचा खर्च. ती न सापडल्यास वा असमर्थ असल्यास सरकारने भार उचलावा. (हे नियम पुणे जिल्ह्यासही लागू आहेत, तेव्हा बावड्याच्या वाचकाने त्यांना परके समजू नये.) परंतु समुद्रातील तेलाचे प्रदूषण, त्यासाठी वेगळा कायदा असल्यामुळे, या नियमांतून वगळले आहे. आता दारूखान्याचा गाळ दिवसातून दोनदा समुद्र असतो आणि दोनदा जमीन. त्यातील तेल कोणत्या कायद्याचे? नियम करणाऱ्यांनी हा प्रश्न मनात आणला असावा, असे त्यांच्या शब्दयोजनेवरून दिसत नाही.

देखरेख करणाऱ्यावर देखरेख कोणाची, हा याहून अवघड भाग. सॅन फ्रान्सिस्को येथील हंटर्स पॉइंट ही नौदलाची गोदी १९७४ साली बंद झाली. १९४६ च्या बिकिनी येथील अणुस्फोट-चाचण्यांत सापडलेल्या नौका तेथे धुण्यात आल्या होत्या; १९८९ साली ती जागा अमेरिकेच्या अतिदूषित स्थळांच्या राष्ट्रीय यादीत गेली. यादी होती, निधी होता, कायदा कडक होता. तरी मातीचे नमुने घेणाऱ्या कंत्राटी कंपनीच्या दोन पर्यवेक्षकांना, दूषित ठिकाणच्या मातीऐवजी स्वच्छ ठिकाणची माती भरून खोट्या नोंदी केल्याबद्दल, २०१८ साली तुरुंगवास झाला. दरम्यान गोदीच्या काही भागावर घरे उभी राहिली होती. नमुना ज्याने घ्यावयाचा त्याचे वेतन, जागा लवकर मोकळी व्हावी अशी इच्छा असणाऱ्याकडून येत असेल, तर उत्तम प्रयोगशाळाही चुकीच्या मातीचे अचूक पृथक्करण करील.

मुंबईत हा धोका काल्पनिक नाही. बंदराच्या पूर्व किनाऱ्याच्या पुनर्विकासाचा आराखडा २०१८ साली प्रसिद्ध झाला. अशा पुनर्विकासात ज्या संस्थेची जमीन, तिच्याच हाती नियोजनाचा अधिकार आला, म्हणजे जागा स्वच्छ ठरण्यात जिचा लाभ तीच संस्था जागेचे भवितव्य लिहिते. दारूखान्याच्या भूखंडांचे पट्टे संपतील किंवा हस्तांतरित होतील, त्या दिवसापूर्वी गाळाच्या निरनिराळ्या खोलींवरील नमुने, बंदराशी वा विकासकाशी संबंध नसलेल्या संस्थेने घेऊन, आकड्यांसह पट्ट्याच्याच कागदाला जोडावेत, एवढी एक ओळ अधिनियमाच्या नियमावलीत घालण्यास संसदेकडे पुन्हा जावे लागणार नाही.