नामसाम्य आणि मूळ गावाचा पुरावा

१८३४ नंतरच्या पाऊण शतकात सुमारे साडेचार लाख करारबद्ध मजूर हिंदुस्थानातून मॉरिशसला गेले. कलकत्ता व मद्रास यांप्रमाणेच मुंबई बंदरातूनही ही जहाजे सुटत आणि त्यांतून मराठी माणसे गेली. त्यांच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या असून मूळ गाव शोधणारे वंशज त्यांचाच आधार घेतात. या वह्यांचे मोल निर्विवाद आहे. आक्षेप आहे तो त्या वाचण्याच्या पद्धतीवर. नामसाम्य दिसताच गाव सापडले असे मानणे हा तिचा मुख्य दोष होय.

उदाहरणार्थ, टेमघर हे ग्रामनाम घेऊ. रोमन लिपीत ट आणि त यांचा भेद लोपतो. लेखनिक मराठी न जाणणारा असल्यास उरलेले वर्णही संशयास्पद ठरतात. नाव निःसंदिग्ध वाचता आले तरी एक टेमघर भिवंडीनजीक आहे, तर दुसरे मुळशी तालुक्यात मुठेच्या खोऱ्यात. निर्णय मग जिल्ह्याच्या रकान्यावर येतो. परंतु पेण, रोहे हा भाग १८६९ साली स्वतंत्र कुलाबा जिल्ह्यात गेला आणि २०१४ मध्ये पालघर वेगळा झाला. तेव्हा जुन्या नोंदीतील ठाणे जिल्हा म्हणजे आजचा ठाणे जिल्हा नव्हे. शिवाय कलकत्त्याहून फिजीला जाणाऱ्यांच्या परवान्यांवरील ‘ठाणे’ हा रकाना पोलीस ठाण्याचा असे, हेही विसरून चालणार नाही.

आडनावाचा आधारही दुबळाच. मॉरिशसमध्ये पुष्कळदा पित्याचे व्यक्तिनाम हेच पुढील पिढ्यांचे कुलनाम झाले.

अमेरिकेस गेलेल्या जर्मनांचा शोध याहून सुकर आहे. हांबुर्ग बंदराच्या १८५० ते १९३४ या काळातील उतारूंच्या याद्या बव्हंशी उपलब्ध आहेत. त्यांतील निवासस्थानाची नोंद गावच्या चर्चमधील जन्म-विवाहाच्या वह्यांशी ताडून पाहता येते. भूमिहीन कोकणी मजुराचे नाव मात्र महसुली दप्तरात येण्याचे कारणच नव्हते. दुसरा साक्षीदार नसेल तेथे पहिल्याची तपासणी अधिक कठोर हवी.

म्हणून वर्णरूप, नोंदीचे वर्ष आणि त्या वर्षीची जिल्ह्याची सीमा या तिन्ही कसोट्या उतरल्यावाचून ग्रामनिश्चिती करू नये; एरवी ‘संभाव्य’ एवढेच लिहावे. गाव न सांगितल्यास वंशजाचा शोध चालू राहतो; चुकीचे सांगितल्यास तो कायमचा थांबतो.