अनुदान आणि शेरा

महाराष्ट्रात ज्याला अनुदान म्हणतात त्याला आम्ही सुरतेत ग्रँट म्हणतो. नाव वेगळे, रीत तीच. वर्षाकाठी तपासणी होते, हजेरीपट आणि पावत्या पाहिल्या जातात आणि जाताना साहेब शेरेबुकात दोन ओळी लिहून जातात. त्या दोन ओळींच्या धाकात माझी मुख्याध्यापकी सरली. म्हणूनच एका माहितीपटाच्या खटल्याचा निकाल वाचताना मला आपले शेरेबुकच समोर उघडल्यासारखे वाटले.

माहितीपट आनंद पटवर्धन यांचा, १९९५ सालचा 'फादर, सन अँड होली वॉर'. गेल्या उन्हाळ्यात उधन्याला एका शिक्षकमित्राच्या घरी, भिंतीवर चादर लावून आम्ही सात-आठ जणांनी तो पाहिला. 'ट्रायल बाय फायर' या पहिल्या भागात देवराळ्याच्या १९८७ च्या सतीप्रकरणापासून मुंबईच्या दंगलीपर्यंत आगीचा माग काढला आहे. 'हीरो फार्मसी' या दुसऱ्या भागात रस्त्यावर ताकदीची औषधे विकणारा भेटतो आणि मर्दानगीच्या खुळाचे दर्शन घडते. दंगलीची कारणे आपण राजकारणात शोधतो, धर्मात शोधतो. पटवर्धन ती पुरुषाच्या मनातल्या भीतीत शोधतात, हे या कृतीचे वेगळेपण.

मला ते पटले, कारण डिसेंबर १९९२ मध्ये मी याच शहरात होतो. खानदेशातून नोकरीसाठी नुकताच आलो होतो. बाबरी मशीद पडल्यावर सुरतेत जो हिंसाचार झाला त्याची आठवण आजही जुनी माणसे दबक्या आवाजात काढतात. आमच्या चाळीत, घरात थांबलेल्या पुरुषांना 'बांगड्या भरा' म्हणणारे आवाज मी ऐकले आहेत. तेव्हा तो मला नुसता टोमणा वाटला होता. माणसे घराबाहेर काढण्याची किती ताकद त्या टोमण्यात होती, हे समजायला मला हा माहितीपट पाहावा लागला.

कृतीत उणिवा आहेत. निवेदक काही ठिकाणी प्रेक्षकाच्या आधीच निष्कर्षाला पोहोचतो. दुसऱ्या भागात उदाहरणे एकापुढे एक येतात, पण त्यांची वीण पहिल्या भागाइतकी घट्ट नाही. फुटपाथवरच्या औषधवाल्याला आपण हसतो तेव्हा एका गरिबाला हसतो आहोत, ही जाणीव दिग्दर्शकाने आणखी ठेवायला हवी होती. हे सारे टीकेचे विषय आहेत. त्यावर रसिकांनी भांडावे, समीक्षकांनी लिहावे. मात्र टीका करायची तर आधी कृती लोकांसमोर यावी लागते.

नेमके तेच होईना. या माहितीपटाला दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. त्या जोरावर पटवर्धनांनी १९९८ मध्ये तो दूरदर्शनकडे प्रक्षेपणासाठी दिला. नकार आला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. तेथे पटवर्धनांच्या बाजूने निर्णय झाला, तेव्हा दूरदर्शन सर्वोच्च न्यायालयात गेले. दृश्यांनी भावना भडकतील, दुसऱ्या भागाला केवळ प्रौढांसाठी असे प्रमाणपत्र आहे, ही कारणे पुढे आली. त्यांच्या जोडीला आणखी एक होते: निर्मितीचा दर्जा समाधानकारक नाही. ज्या सरकारने पुरस्कार देऊन दर्जा मान्य केला, त्याच सरकारच्या वाहिनीला तो दर्जा दिसेना! २५ ऑगस्ट २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पटवर्धनांच्या बाजूने निकाल दिला. कृती तुकड्यातुकड्यांनी न जोखता समग्र पाहावी, हे त्या निकालाचे सार. एका प्रक्षेपणासाठी आठ वर्षे गेली. 'राम के नाम'साठीही त्यांना याच वाटेने जावे लागले होते.

ही एका माणसाची हट्टाची गोष्ट म्हणून सोडून देता आली असती. पण २००४ मध्ये फिल्म्स डिव्हिजनच्या मुंबई महोत्सवाच्या वेळी हेच चित्र मोठ्या प्रमाणावर दिसले. भारतीय माहितीपटांना सेन्सॉरचे प्रमाणपत्र सक्तीचे करण्याचा घाट घातला गेला, माहितीपटकारांच्या विरोधामुळे तो मागे घ्यावा लागला. मग निवडीत बरेच माहितीपट गळले. राकेश शर्मा यांचा आमच्या गुजरातच्या २००२ च्या हिंसाचारावरचा 'फायनल सोल्यूशन' त्यांपैकीच. माहितीपटकारांनी मुंबईतच 'विकल्प' नावाने समांतर महोत्सव भरवला. 'फायनल सोल्यूशन'वर सेन्सॉर मंडळाने बंदी घातली, त्याच वर्षी ती उठवली आणि पुढे त्या माहितीपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत ज्युरीचा विशेष पुरस्कार मिळाला. पटवर्धनांना आधी पुरस्कार आणि मग नकार, शर्मांना आधी नकार आणि मग पुरस्कार. फरक एवढाच.

आता कुणी म्हणेल, पैसा जनतेचा आहे, तो राखणाऱ्याने विचारू नये काय? जरूर विचारावे. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या कर्जातून १९६९ मध्ये 'भुवन शोम' आणि 'उसकी रोटी' आले. १९७६ मध्ये संसदेच्या समितीने, न चालणाऱ्या चित्रपटांना पैसा का देता, असे या संस्थेला विचारले. तो प्रश्न रोखठोक होता, त्याचे उत्तर देता येते. हिशेबाची वही तपासणाऱ्याशी कलावंताचे भांडण नसावे. दूरदर्शन, फिल्म्स डिव्हिजन, महामंडळ ही दारे वेगवेगळी असली तरी तिजोरी एकाच जनतेची आहे. २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली, त्यामुळे दारेही कमी झाली. अशा वेळी दारावरच्या माणसाने आपल्या भीतीला 'दर्जा' हे नाव देऊ नये, एवढीच अपेक्षा आहे.

हे लिहायचा मला अधिकार आहे का, याचाही विचार केला. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात दहावीच्या मुलांनी एकांकिका बसवली होती. लूमच्या कारखान्यात बारा तास उभ्या राहणाऱ्या बापांची ती गोष्ट होती, त्यात दंगलीचा एक प्रसंग होता. तपासणी पंधरा दिवसांवर आली होती. मला कुणी आदेश दिला नव्हता, कुणाचा फोन आला नव्हता. मी फक्त तो प्रसंग चाळला आणि सांगितले, "संवाद कच्चे आहेत, हा भाग गाळा." लिहिणारा मुलगा म्हणाला, "सर, कुठं कच्चे आहेत ते दाखवा ना, मी सुधारतो." माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण संवाद चांगले होते. तपासणी सुरळीत झाली, शेरा उत्तम मिळाला. त्या मुलाने पुन्हा काही लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही.

पटवर्धनांना न्यायालय होते. त्या मुलाला मीच होतो.

यंदाचे स्नेहसंमेलन डिसेंबरात आहे. मुलांनी दिलेली एकांकिकेची वही माझ्या टेबलावर पडली आहे. त्यात शिक्षकांविषयीही चार बोचरी वाक्ये आहेत, असे कानावर आले आहे. तपासणीची तारीख अजून आलेली नाही. या वेळी मी ती वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणार आहे. जे खटकेल ते मुलांना समासात लिहून दाखवीन. कात्री मात्र टेबलाच्या खणातच राहील.